वाघ्याची गाठ आणि गटाचं कर्ज

(लेण्याद्रीच्या पायथ्याशी झालेल्या प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं बोलणं. ज्या ताईंना येता आलं नाही त्यांच्यासाठी थोडं नीट करून छापत आहोत.)

ताईंनो, मावशींनो, आणि मागे खांबाला टेकून बसलेल्या आजींनो.

आज विषयपत्रिकेवर बँक जोडणी आणि समुदाय गुंतवणूक निधीची परतफेड आहे. ते अध्यक्षताई घेतीलच. त्याआधी मी पंधरा मिनिटं मागून घेतली आहेत, कुत्र्यांच्या कॅन्सरवर बोलायला. हसा, आधी हसून घ्या. मलाही कुणी सहा महिन्यांपूर्वी सांगितलं असतं की एमएसडब्ल्यू करून तू बायकांना कुत्र्यांच्या गाठी समजावशील, तर मीही हसले असते.

झालं असं. आपल्याच एका गटाची बैठक होती. गाव सांगत नाही. बचत गोळा झाली, हजेरी झाली, आणि अंतर्गत कर्जाची मागणी आली. एका ताईने तीन हजार मागितले. सचिवताईंनी विचारलं, कारण काय लिहू? ती म्हणाली, "कुत्र्याचा दवाखाना." सचिवताईंचं पेन तिथंच थांबलं. एक मावशी म्हणाल्या, "म्हशीला देऊ, शेळीला देऊ. कुत्र्याला कर्ज? उद्या मांजरीला मागशील."

ती ताई आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमची वस्ती उसाच्या कडेला. मोटारीची लाईट रात्रीची असली की हे पाणी द्यायला जातात. घरात मी आणि दोन पोरं. वाघ आला की वाघ्या आधी भुंकतो. तो भुंकला की मी पोरांना आत ओढते, कडी लावते. तो गेला तर मला कोण सांगणार?"

आपण बिबट्याला वाघच म्हणतो, तो वाघ. पुढे कुणी बोललं नाही. जुन्नर काय, आंबेगाव काय, ज्याची वस्ती उसाला लागून आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कर्ज मंजूर झालं.

पण त्या मागणीच्या आधी तीन महिने वाया गेले होते, आणि त्यात माझाही हात होता. मी भेटीला गेले होते तेव्हा वाघ्या ओट्याखाली बसून लघवीची जागा चाटत होता. थेंब थेंब रक्त पडत होतं. ताईंनी विचारलं, "मॅडम, हे काय असेल?" मी काय म्हणाले? "उन्हाळी लागली असेल, सब्जाचं पाणी द्या." मला पशुवैद्यकातलं काही कळत नव्हतं, तरी मी उत्तर दिलं. मॅडम म्हटलं की माणसाला सगळं येतं असं वाटायला लागतं, म्हणून सांगते, मला मॅडम म्हणू नका. सब्जाने काय होणार? पुढच्या भेटीत तिथं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लाल, खरखरीत गाठ बाहेर दिसत होती, आणि दुसरी नाकाच्या कडेला यायला लागली होती. चुलत दीर म्हणाले, "रोग लागलाय, पोत्यात घालून घाटापलीकडं सोडून येतो." तेव्हा ताई गटाकडे आली.

टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटमध्ये बसवून पिकअपमधून वाघ्याला नेलं. डॉक्टरांनी गाठीवर काचपट्टी दाबून नमुना घेतला, तपासला आणि सांगितलं, हा कुत्र्यांचा संसर्गजन्य कॅन्सर आहे. आपल्या भागातल्या मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत हा नेहमी दिसतो. तो लागतो मुख्यतः कुत्रा-कुत्री एकत्र आल्यावर. पण चाटण्याने, हुंगण्यानेही पसरतो, म्हणून नाकावर, तोंडात, डोळ्याजवळ, कातडीवर कुठेही गाठ येऊ शकते. यातली गंमत म्हणा, नवल म्हणा, ही गाठ त्या कुत्र्याच्या स्वतःच्या पेशींची नसतेच. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्याला कॅन्सर झाला, तो कुत्रा मेला, पण त्याच्या पेशी एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर रुजत जगभर फिरत राहिल्या. द्राक्षाच्या एका वेलाची काडी लावत लावत सगळा तालुका भरावा, तसं. आणि घाबरू नका, हा माणसाला लागत नाही. कुत्र्याचा कुठलाच कॅन्सर त्याला हात लावल्याने, त्याच्याजवळ बसल्याने माणसाला होत नाही.

आता उपचार. आपल्यातल्या किती जणींच्या दारात सदाफुली आहे? सगळ्यांच्याच हात वर. वाघ्याला जे इंजेक्शन दिलं त्याचं नाव व्हिन्क्रिस्टीन, आणि ते याच सदाफुलीपासून काढलेलं औषध आहे. 1960 च्या दशकापासून माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते वापरतात. या गाठीवर ते आठवड्यातून एकदा शिरेतून देतात. साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. वाघ्याची गाठ दुसऱ्या इंजेक्शननंतर लिंबाएवढीची बोराएवढी झाली. पाचव्यानंतर शोधूनही सापडली नाही.

लगेच सांगते, कारण मला माहीत आहे तुमच्यातली एक तरी घरी जाऊन पाला वाटणार आहे. सदाफुलीचा पाला कुत्र्याला खाऊ घालायचा नाही, गाठीवर बांधायचा नाही. टनाने पाला असतो तेव्हा त्यातून चिमूटभर औषध निघतं, आणि कच्चा पाला विषारी आहे. साखरेवर म्हणून रोज सकाळी पानं चावणाऱ्या आपल्या दोन-तीन आजी आहेत, त्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय चावू नयेत. इंजेक्शनसुद्धा घरी आणून कुणा ओळखीच्याकडून टोचून घ्यायचं नाही. ते शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस सडतं. कुत्र्याला उलट्या होऊ शकतात, जेवण कमी होतं, अंगातली रोगाशी लढणारी ताकद काही दिवस उतरते. त्या दिवसांत त्याची शी-शू, ओकारी हाताने उचलायची नाही, पिशवी किंवा हातमोजे घालायचे, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने ते काम करायचंच नाही.

हा झाला बरा होणारा कॅन्सर. सगळे असे नसतात.

कुत्र्याला कॅन्सर होतो का, असं मला बऱ्याच जणींनी विचारलं. अहो, बैलाला होतो हे आपल्या आजोबांना माहीत होतं. बैल डोकं झटकायला लागतो, एका नाकपुडीतून रक्त येतं, शिंग एका बाजूला कलतं, तो शिंगाचा कॅन्सरच. कुत्र्याला तर कातडीच्या गाठी फार येतात. त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी असतात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या छातीवर, बरगडीवर कातडीखाली मऊ, बोटाने इकडेतिकडे सरकणारी गाठ असते, ती पुष्कळदा नुसती चरबीची असते. पिल्लांच्या ओठांवर चामखिळी येतात, त्या बहुतेक वेळा आपोआप जातात. गळू असेल तर गरम लागतं, दुखतं, चार दिवसांत फुटतं. आणि गोचीड! मी स्वतः एकदा टम्म फुगलेला गोचीड गाठ समजून घाबरले होते. जवळून बघा, पाय दिसतात.

पण हाताला लागून किंवा नुसतं बघून ही गाठ साधी आणि ही वाईट, हे डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. सुई घालून थोड्या पेशी काढून काचपट्टीवर बघाव्या लागतात. कातडीचा एक कॅन्सर असा आहे की तो आज फुगतो, उद्या बसतो. घरच्यांना वाटतं उतरलं, औषध लागू पडलं. हीच गाठ दाबली, पिळली की तिच्यातून असे पदार्थ सुटतात की आजूबाजूचं अंग सुजतं, कुत्रं ओकतं, कधी काळी शी करतं. म्हणून कुठलीही गाठ पिळायची नाही. दुसरा असतो काळा डाग किंवा काळी गाठ. अंगावरच्या केसाळ भागात ती बऱ्याचदा साधी निघते, पण तोंडात, ओठावर किंवा नखाच्या मुळाशी आली तर घाई करायची. नखाभोवती सूज आणि लंगडणं असेल तर काटा मोडला असेल म्हणून महिनाभर थांबायचं नाही. तिसरा उन्हाचा. पांढरं, विरळ केसांचं कुत्रं, गुलाबी नाक, गुलाबी पोट, आणि दिवसभर उन्हात पसरायची सवय. आपल्या लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर अशी किती पडलेली असतात बघा. त्यांच्या नाकावर, कानाच्या कडेवर, पोटावर खपली धरते, निघते, परत धरते, भरतच नाही. ती न भरणारी जखम दाखवायलाच हवी.

आणि कुत्रीच्या सडांमधल्या गाठी. ही गाठ खरं तर कातडीची नसते, खालच्या दुधाच्या ग्रंथीची असते, पण हाताला कातडीखालीच लागते. पिल्लं घालून झालेल्या, वय झालेल्या कुत्र्यांमध्ये ती फार दिसते, बहुधा मागच्या सडांजवळ. आपण म्हणतो, दूध साचलं असेल. यातल्या साधारण निम्म्या गाठी वाईट निघतात आणि त्या छातीत, फुप्फुसात जातात. एका आजींची चंपी अशीच गेली. सुरुवातीला हरभऱ्याएवढी होती, आजींना माहीत होती. दाखवलं तेव्हा नारळाएवढी लोंबत होती, फुटून अळ्या पडल्या होत्या, आणि चंपीला धाप लागत होती. डॉक्टर म्हणाले, आता कापून उपयोग नाही. मग दुखणं कमी करायचं औषध दिलं. शेवटी तिला उभंही राहवेना तेव्हा आजींच्या मांडीवरच डॉक्टरांनी तिला कायमचं झोपवलं. आजी आज इथं आहेत, त्यांना विचारूनच सांगते आहे. हे दयामरण डॉक्टरच देतात, कायद्याने, त्रास न होता. भाकरीतून काहीबाही घालून मारणं हे पाप तर आहेच, गुन्हाही आहे.

कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन पहिल्या माजाच्या आधी किंवा लवकर झालं तर या सडांच्या गाठींचा धोका खूप कमी होतो. नसबंदीमुळे मोकाट मिलन थांबतं म्हणून वाघ्याला झाला तो संसर्गही कमी होतो. गावातल्या मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीची आणि रेबीज लसीची जबाबदारी 2023 च्या नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. ग्रामसभेत दारूबंदीला आपण बोलतो, पाण्याला बोलतो, तसं हेही बोलायला हरकत नाही.

आता बघायचं कसं. फार सोपं आहे. आठ-पंधरा दिवसांनी गोचीड काढायला बसता ना, तेव्हाच हात फिरवायचा. नाकापासून सुरू. ओठ उचलून हिरड्या, कान आतून, गळ्याखाली, काखेत, एकेक सड, जांघ, शेपटीखाली, आणि बोटांच्या फटी. लघवीच्या जागेकडे बघायला लाजू नका, मी तीन महिने त्यातच घालवले. कुत्रीला माजाचं रक्त येतं ते दोन-तीन आठवड्यांत थांबतं, आणि वर्षात एक-दोनदाच येतं. त्यापलीकडे रक्त चालू असेल तर तो माज नाही.

गाठ लागली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लिहून ठेवा: कुठे, केवढी. सेंटीमीटर कशाला, आपलं माप आहेच की. ज्वारी, हरभरा, बोर, लिंबू. शेजारी रुपयाचं नाणं धरून मोबाईलवर फोटो काढला तर अजून चांगलं. वाटाण्याएवढी झाली किंवा महिना झाला तरी गेली नाही, तर दवाखाना. भराभर वाढत असेल, रक्त येत असेल, फुटली असेल किंवा कुत्रं बारीक होत असेल, तर महिनाही थांबायचं नाही.

गाठीवर आपल्याकडे काय काय लावतात याची यादी मी दोन महिने करते आहे. गाडीचं जळकं ऑइल, रॉकेल, चुना-तंबाखू, डांबरगोळीची पूड, आणि तापवलेल्या विळ्याचा डाग. यातलं काही गाठ घालवत नाही. कुत्रं ते चाटतं आणि विष पोटात जातं, वरून भाजतं ते वेगळंच. घोड्याच्या शेपटीचा केस आवळून गाठ पाडायची ही पद्धतही एका काकांनी सांगितली. वरचा गोंडा गळतो, मूळ आतच राहतं. आणि आपल्या घरातल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला द्यायच्या नाहीत. माणसाची साधी गोळी त्याचं लिव्हर, किडनी निकामी करू शकते.

जायचं कुठे? आधी जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. नेता येत नसेल तर 1962 हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री नंबर आहे, त्यावर फिरत्या पथकाबद्दल विचारा. आपल्या पशुसखीलाही सांगा. ती कॅन्सरचा इलाज करणार नाही, पण कुठल्या वारी डॉक्टर कुठे असतात हे तिला पाठ असतं. मोठं ऑपरेशन लागलं, गाठीचा तुकडा तपासायला पाठवायचा झाला, तर डॉक्टर पुढे पाठवतात. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत परळला 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. लांब आहे, मान्य. म्हणूनच गाठ हरभऱ्याएवढी असताना गेलेलं परवडतं. लहान गाठ भोवतीच्या चांगल्या कातडीसकट काढता येते. मोठी झाली की तेवढी कातडीच उरत नाही.

नेताना तोंडाला ओढणीची पट्टी सैलसर बांधा. दुखऱ्या जागी हात लागला की घरचं कुत्रंही चावतं. पण त्याला धाप लागली असेल किंवा ओकत असेल तर बांधू नका. चावलंच तर साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी लस. मिरची-चुना भरायचा नाही. ऑपरेशन झाल्यावर टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात बाजारचा कोन घालतात. आपल्या एका ताईने जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून तो घातला, कडेला कापड शिवलं, छान चाललं. आणि आजारी कुत्रं रात्री अंगणात साखळीला बांधू नका. त्याला ना पळता येतं, ना लढता. पडवीत, दाराआड घ्या.

एक गोष्ट सांगू की नको, ठरत नव्हतं. जिच्याबद्दल आहे तिने सांग म्हटलं, नाव न घेता. एका गटात मी चंपीची गोष्ट सांगितली, सडाच्या गाठीची. बैठक सुटली, सगळ्या गेल्या, एक ताई चपला शोधत मागे राहिल्या. म्हणाल्या, "कुत्रीला होतं, तर बाईला?" त्यांना स्वतःला वर्षभर गाठ लागत होती. दुखत नव्हती म्हणून घरात बोलल्या नव्हत्या. कुत्र्याचं निमित्त नसतं तर मलाही त्या बोलल्या नसत्या. आम्ही दोघी आरोग्य उपकेंद्रात गेलो. तिशीच्या पुढच्या बायकांची स्तनाची, तोंडाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी तिथं सरकारी कार्यक्रमात होते, मोफत होते. तिथून त्यांना पुढे पाठवलं. पुढचं काय ते त्यांना वाटेल तेव्हा त्या सांगतील. मिशरी लावणाऱ्यांनी तोंडाचीही तपासणी करून घ्या. मी कुणाकडे बघत नाहीये.

आता कर्जाचं. वाघ्याच्या तीन हजारांपैकी दोन हप्ते राहिलेत, बाकी वेळेवर आलेत. पण सचिवताईंची अडचण अजून तशीच आहे. कर्जाच्या कारणाच्या रकान्यात शेती आहे, शिक्षण आहे, आजारपण आहे, पशुपालन आहे, घरदुरुस्ती आहे. त्यांनी त्या दिवशी "इतर" लिहिलं. ताईला ते आवडलं नाही. ती म्हणते, माझा कुत्रा इतर नाही, म्हैस जशी दूध देते तसा तो राखण देतो. मला तिचं पटतं. राखणीच्या कुत्र्याचा उपचार आणि नसबंदी यांचं कर्ज सगळ्या गटांनी पशुपालनात धरावं, असा ठराव आज घेता येईल. समन्वयक म्हणून मला ठराव मांडता येत नाही. सूचक आणि अनुमोदक तुमच्यातूनच लागतील. अध्यक्षताई, वही घ्या.